फक्त पिक्सेल हवे असतील तर: एसटीबी इमेज काही महिने वापरल्यानंतर

सी मध्ये चित्राची फाइल वाचायची म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना कॉलेजातली बीएमपीची असाइनमेंट आठवते. ५४ बाइटचं हेडर, खालून वर रचलेल्या ओळी, प्रत्येक ओळ चारच्या पटीत बसवायला शेवटी टाकलेले फुकटचे बाइट. सबमिशनपुरतं ते ठीक. खरं काम अंगावर येतं तेव्हा समोर फोनने काढलेल्या जेपेगांचा ढीग असतो आणि जेपेगचा डिकोडर काही एका रात्रीत लिहून होत नाही. अशा वेळी कामाला येते ती एसटीबी इमेज, चित्राच्या फाइली वाचणारी सी मधली छोटी लायब्ररी.

माझं काम असं होतं. तालुक्याच्या एका जुन्या वाचनालयातल्या पुस्तकनोंदींच्या वह्यांचे फोटो काढून ठेवलेत. ते सरळ करायचे, उघड्या वहीची डावी-उजवी पानं वेगळी करायची, कागदाचा पिवळेपणा घालवायचा आणि पीएनजी करून ठेवायचं. प्रोग्राम चालणार वाचनालयातल्या जुन्या विंडोज मशीनवर, जिथे काही इन्स्टॉल करायचं नाव काढलं की सगळे एकमेकांकडे बघतात. म्हणून एकच एक्झी फाइल, पेनड्राइव्हवरून टाकली की चालली पाहिजे, ही अट.

सरळ मार्गाने गेलं तर लिबपीएनजी घ्या, तिच्यासाठी झेडलिब घ्या, जेपेगसाठी तिसरी लायब्ररी घ्या, आणि हे सगळं विंडोजवर बिल्ड करा. त्यात लिबपीएनजीची चुका कळवायची पद्धत म्हणजे सेटजंप-लाँगजंप. काही बिनसलं की प्रोग्राम मधूनच टुणकन उडी मारून मागे येतो, आणि मधे घेतलेली मेमरी कोणी सोडायची हे तुम्ही बघा. मोठ्या प्रकल्पाला हे परवडतं. मला परवडणारं नव्हतं.

त्यामुळे एसटीबी_इमेज.एच आणि तिची जोडीदार एसटीबी_इमेज_राइट.एच. पहिली वाचते, दुसरी लिहिते. लेखक शॉन बॅरेट, मूळचे गेम प्रोग्रामर, एकेकाळी लुकिंग ग्लास स्टुडिओत होते. एसटीबी ही त्यांच्या नावाची आद्याक्षरं. लायसन्सची कटकट नाही: पब्लिक डोमेन समजा किंवा एमआयटी समजा, निवड तुमची. माझ्याकडे वाचणारीची २.३० आणि लिहिणारीची १.१६ ही आवृत्ती आहे.

बसवणं म्हणजे दोन फाइली प्रोजेक्टच्या फोल्डरात कॉपी करणं. बस्स. फक्त एक रीत पाळायची: एका, आणि एकाच, सी फाइलमध्ये इन्क्लूडच्या आधी इम्प्लिमेंटेशनवाला मॅक्रो डिफाइन करायचा. बाकी ठिकाणी नुसतं इन्क्लूड. मॅक्रो कुठेच नसेल तर लिंकर म्हणतो फंक्शन सापडत नाही, दोन ठिकाणी असेल तर म्हणतो एकाच नावाची दोन सापडली. सिंगल हेडर प्रकार, म्हणजे अख्खी लायब्ररी एकाच हेडर फाइलमध्ये, पहिल्यांदा हाताळणाऱ्यांचा अर्धा वेळ इथेच जातो. मी त्यासाठी चार ओळींची वेगळी सी फाइल ठेवली आहे. तिच्यात दुसरं काही नाही, त्यामुळे हे हेडर एकदाच कंपाइल होतं आणि रोजचं बिल्ड हलकं राहतं.

वाचायचं फंक्शन एक. फाइलचं नाव द्या, रुंदी, उंची आणि चॅनलांची (एका पिक्सेलमधल्या रंगाच्या घटकांची) संख्या कुठे लिहायची ते पत्ते द्या, आणि तुम्हाला किती चॅनल हवेत ते सांगा. परत येतो पिक्सेलांचा एक सलग पट्टा, वरची ओळ आधी, ओळींमध्ये रिकामे बाइट नाहीत, क्रम लाल-हिरवा-निळा. ओपनसीव्ही या चित्रांच्या लायब्ररीतून आलेल्यांनी हा क्रम नीट बघावा, तिथे निळा आधी असतो. बीएमपी असो, जेपेग असो की पीएनजी, बाहेर येणारा पट्टा सारखाच. काम झालं की फ्री करा.

एक खाच मात्र आहे. तुम्ही एक चॅनल मागितला तरी चॅनलांच्या संख्येत फाइलमध्ये मुळात किती होते तेच येतं. रंगीत जेपेग ग्रे करून मागवला, तर पट्टा एका चॅनलचा आणि आकडा ३. पुढचा हिशोब त्या आकड्यावर केला की प्रोग्राम मेमरीच्या बाहेर भटकतो. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, आणि डॉक्युमेंटेशन म्हणजे त्याच हेडरच्या सुरुवातीची लांबलचक टिप्पणी. ती एकदा चहा घेऊन वाचून काढावी. इतकी प्रामाणिक टिप्पणी मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे: काय चालतं, काय चालत नाही, आणि ही लायब्ररी मुख्यतः अशांसाठी आहे ज्यांना अडचणीच्या फाइली टाळता येतात, हेही तिथेच.

ग्रे मागितल्यावर आत काय होतं तेही उघड आहे: लाल गुणिले ७७, हिरवा गुणिले १५०, निळा गुणिले २९, बेरीज करून २५६ ने भाग. डोळ्याला हिरवा जास्त दिसतो म्हणून त्याचं वजन जास्त. फोटोसाठी छान, पण माझ्या वह्यांना हे उपयोगाचं नव्हतं. नोंदी निळ्या शाईच्या, रकान्यांच्या रेघा लाल, कागद पिवळट तपकिरी. निळी शाई लाल उजेड शोषते, म्हणजे लाल चॅनलमध्ये ती काळीशार दिसते. पिवळा कागद लाल उजेड परत फेकतो, म्हणून तो जवळपास पांढरा. आणि लाल रेघा? त्याही पांढऱ्यातच विरघळतात. एकाच चॅनलने अक्षर उठून आलं आणि चौकटी गेल्या. त्यामुळे मी तीन चॅनल मागवतो आणि दर तिसरा बाइट उचलतो. लूप तीन ओळींचा.

अर्थात वाचनालयाच्या वहीत लाल शाईला अर्थ असतो. पुस्तक हरवलं, फाटलं, रद्द केलं की शेवटच्या रकान्यात लाल शाईने ‘बाद’. लाल चॅनल घेतला की तो ‘बाद’ही नाहीसा, आणि मग गेलेली पुस्तकं कागदोपत्री जिवंत होतात. म्हणून शेवटचा रकाना हिरव्या चॅनलमधून घेतो, तिथे लाल शाई ठसठशीत दिसते. त्यात रेघाही परत येतात, पण त्याला इलाज नाही. पुढे काळं-पांढरं करायला ओत्सूची १९७९ ची पद्धत, पानाचे तुकडे पाडून, कारण फोनने काढलेल्या फोटोत एका कोपऱ्यात सावली ठरलेलीच. या सगळ्यात लायब्ररीचा काहीच अडथळा नव्हता. पट्टा हातात दिला आणि बाजूला झाली. मला हेच आवडतं.

आता दुसरी बाजू. ही लायब्ररी पिक्सेल देते, आणि फक्त पिक्सेलच देते. जुन्या फोटोच्या मागे लिहिलेलं नाव-साल खरवडून टाकून पुढची बाजू तेवढी हातात ठेवावी, तसा कारभार आहे. चित्र कुठल्या दिशेने धरायचं, इंचाला किती ठिपके, कुठला कलर प्रोफाइल, यातलं काहीही तुमच्यापर्यंत येत नाही आणि लिहिताना फाइलमध्ये जात नाही.

याचा पहिला फटका दिशेचा. फोन उभा धरून फोटो काढला तरी बरेच फोन सेन्सरवरून आले तसेच आडवे पिक्सेल साठवतात आणि एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबतच्या माहितीत, एक आकडा लिहून ठेवतात की दाखवताना असं फिरवा. गॅलरी तो आकडा वाचते म्हणून फोटो सरळ दिसतो. एसटीबी इमेज तो वाचत नाही, म्हणून पान आडवं पडलेलं मिळतं. उपाय स्वतः लिहावा लागतो, पण तो फार मोठा नाही. जेपेगमध्ये एफएफ ई१ ही खूण शोधायची, तिच्यात एक्झिफ हे नाव आणि त्यामागे टिफ पद्धतीचं छोटं हेडर असतं. पहिली दोन अक्षरं आय-आय असतील तर लहान बाइट आधी, एम-एम असतील तर मोठा आधी. मग १२-१२ बाइटच्या नोंदींची यादी, त्यात २७४ क्रमांकाची नोंद म्हणजे दिशा. किंमत १ ते ८ मधली. १ म्हणजे आहे तसं, ३ म्हणजे उलटं, ६ आणि ८ म्हणजे आडवं, एक इकडे आणि एक तिकडे. उरलेल्या चार आरशातल्या, कॅमेऱ्याच्या फोटोत क्वचितच. फिरवायला दुसरा पट्टा लागतो, हे मेमरीच्या हिशोबात धरा: ४००० बाय ३००० चा फोटो डिस्कवर तीनेक एमबीचा असला तरी उलगडल्यावर ३ कोटी ६० लाख बाइट होतो, आणि फिरवताना दुप्पट. जुन्या मशीनवर चार फोटो एकदम उघडायचा उत्साह आवरलेला बरा.

दुसरा फटका ठिपक्यांचा. पीएनजी लिहिताना रिझोल्यूशनची नोंद होत नाही. स्क्रीनवर फरक दिसत नाही, पण तीच फाइल चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टला मराठी वाचायला दिली की तो कुरकुरतो: रिझोल्यूशन शून्य आहे, मी ७० धरतो. प्रिंट काढतानाही आकार भलताच. पीएनजीची रचना इतकी साधी आहे की हे नंतर घुसवता येतं. सुरुवातीला ८ बाइटची सही, मग २५ बाइटचा पहिला चंक, म्हणजे माहितीचा तुकडा. म्हणजे ३३ व्या बाइटनंतर २१ बाइटचा पीएचवायएस चंक सरकवायचा: चार बाइट लांबी, चार बाइट नाव, मीटरला किती ठिपके ते आडवं आणि उभं, एक बाइट एककाचा, शेवटी चार बाइट सीआरसी, म्हणजे डेटा बिघडला का ते तपासायचा आकडा. ३०० डीपीआयसाठी (इंचाला ३०० ठिपके) मीटरला ११८११. सीआरसीचं फंक्शन लिहिणाऱ्या हेडरमध्ये आतल्या आत आहे, पण ते खासगी आहे. मी स्वतःचं वेगळं लिहिलं, उद्या आवृत्ती बदलली तर घोळ नको. हा पीएचवायएस चंक पीएनजीच्या १९९६ च्या मूळ आराखड्यातलाच आहे, काही आधुनिक नखरा नाही. एवढा एक पर्याय लेखकाने दिला असता तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

लिहिण्याच्या बाबतीत एक गोष्ट मात्र फार आवडली. पीएनजी लिहायच्या फंक्शनला शेवटी एक स्ट्राइड द्यावी लागते, म्हणजे एका ओळीच्या सुरुवातीपासून पुढच्या ओळीच्या सुरुवातीपर्यंत किती बाइट. बहुतेक जण तिथे शून्य देऊन मोकळे होतात. पण उघड्या वहीच्या फोटोत डावं-उजवं पान वेगळं करायला मला एकही बाइट कॉपी करावा लागला नाही. पूर्ण फोटो ४००० रुंद, मी एका चॅनलवर काम करतोय, तर डाव्या पानासाठी पट्ट्याची सुरुवात, रुंदी २०००, स्ट्राइड ४०००. उजव्यासाठी सुरुवातीचा पत्ता २००० ने पुढे, बाकी सगळं तेच. दोन ओळीत दोन पानं. वहीची घडी मधोमध नसेल तर २००० च्या जागी घडीचा आकडा. ही सोय जेपेगच्या फंक्शनला मात्र नाही. का नाही, देव जाणे. तिथे तुकडा आधी वेगळ्या पट्ट्यात उतरवून घ्यावा लागतो.

जेपेग लिहिण्याबद्दल आणखी दोन निरीक्षणं. क्वालिटी ९० किंवा कमी दिली की रंगाची माहिती अर्ध्या रुंदी-उंचीवर साठवली जाते, ९१ पासून पूर्ण. लाल शिक्क्याची कड महत्त्वाची असेल तर हा एका आकड्याचा फरक डोळ्याला दिसतो. दुसरं, ग्रे चित्र दिलं तरी फाइल तीन घटकांचीच लिहिली जाते. परत वाचलं की चॅनलांची संख्या ३ येते, मग ‘मी तर एकच दिला होता’ म्हणून डोकं खाजवू नका. अल्फा, म्हणजे पारदर्शकतेचा चॅनल, जेपेगमध्ये नसतोच, त्यामुळे तो सोडून दिला जातो. पारदर्शक लोगो जेपेग केला की मागे काळा चौकोन येतो तो यामुळेच: पारदर्शक पिक्सेलखाली बहुतेक वेळा शून्य-शून्य-शून्य दडलेलं असतं. आधी स्वतः पांढऱ्यावर मिसळून घ्या.

पीएनजीचा आकार हा माझा सर्वांत मोठा आक्षेप. लेखक स्वतःच सांगतात की चांगल्या लायब्ररीच्या मानाने फाइल २० ते ५० टक्के मोठी होते. त्यात माझी पानं काळी-पांढरी. एका पिक्सेलला एक बिट पुरे, पण ही लायब्ररी आठ बिटांखाली लिहीत नाही. ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८, म्हणजे ८७ लाख पिक्सेल. एक बिटाने कच्चा डेटा ११ लाख बाइटच्या आत, आठ बिटाने ८७ लाख. आकुंचनाने दोन्ही बरेच खाली येतात, पण फरक राहतोच. मी शेवटी ऑप्टिपीएनजी हे पीएनजी लहान करणारं टूल रात्रभर लावून ठेवतो, ते एक बिटावर आणून देतं. काम होतं, पण एकाच एक्झीची अट तिथे मोडली.

मराठी फाइलनावांचा मुद्दा इथे सांगायलाच हवा, कारण इंग्रजी लेखांत तो सापडणार नाही. फोल्डरांना नावं ‘नोंदवही जुनी’, ‘पान ००१’ अशी. लिनक्सवर काहीच अडचण नाही, यूटीएफ-८ चे बाइट जसेच्या तसे जातात. विंडोजवर मात्र फाइल उघडतच नाही, आणि कारण विचारलं तर इतकंच उत्तर: कान्ट एफ-ओपन. हेडरमध्ये यावर सोय आहे, विंडोज यूटीएफ-८ नावाचा मॅक्रो. वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या, दोन्ही हेडरांसाठी तो वेगवेगळा डिफाइन करावा लागतो, नाहीतर वाचणं चालू आणि लिहिणं बंद अशी गंमत होते. कमांड लाइनवरून आलेलं नाव आधी यूटीएफ-८ मध्ये बदलून घ्यायचं, त्याचंही फंक्शन दिलेलं आहे. चुकांचे संदेश तसे फारच त्रोटक. ते थोडे माणसाळलेले हवे असतील तर त्यासाठीही एक मॅक्रो आहे.

मधल्या टप्प्यांची चित्रं तपासायला मी पीजीएम हा ग्रे चित्रांचा फॉरमॅट वापरतो आणि त्यासाठी लायब्ररीही लागत नाही. पी ५, रुंदी, उंची, २५५, नवी ओळ, आणि मग नुसते बाइट. जेफ पोस्कँझर यांच्या १९८० च्या दशकातल्या या फॉरमॅटइतकं साधं काही नाही. विद्यार्थ्यांना दोन सूचना. विंडोजवर फाइल बायनरी मोडमध्ये उघडा, नाहीतर १० किंमतीच्या प्रत्येक बाइटच्या आधी एक १३ घुसतो आणि चित्र तिरपं होत जातं. आणि पाठ्यपुस्तकातला आकडे लिहिलेला पी ३ प्रकार एसटीबी इमेज वाचत नाही, फक्त बायनरी पी ५ आणि पी ६.

वेबपी, एचईआयसी आणि टिफ हे फॉरमॅट तर नाहीतच. आयफोन २०१७ पासून एचईआयसीत फोटो ठेवतो, तेव्हा फोटो काढणाऱ्याला सेटिंग आधीच बदलायला सांगा. सोळा बिटांची पीएनजी साध्या फंक्शनने आठवर येते, पूर्ण हवी असेल तर त्याचं वेगळं फंक्शन आहे.

वेगाबद्दल माझी तक्रार नाही, ऑप्टिमायझेशन चालू ठेवलं तर. डीबग बिल्डमध्ये मोठा जेपेग उघडायला जांभई येईल इतका वेळ लागतो, तेवढ्यावरून मत बनवू नका. लिबजेपेग-टर्बो हिच्यापेक्षा वेगवान आहे, यात वादच नाही. रास्पबेरी पायसारख्या एआरएम मशीनवर वेग वाढवणाऱ्या निऑन सूचनांचा मॅक्रो स्वतः द्यावा लागतो.

सुरक्षेबाबत मात्र स्पष्ट सांगतो. ज्या सर्व्हरवर कोणीही उठून फाइल अपलोड करू शकतो, तिथे ही लावू नका. यातल्या सुरक्षेच्या चुकांची चर्चा गिटहबवर सगळ्यांसमोर होते, दुरुस्ती यायच्या आधीच. शिवाय वाचताना पीएनजीचे सीआरसी तपासले जात नाहीत, ते वाचून सोडून दिले जातात. पेनड्राइव्हवर एखादी फाइल थोडी बिघडली तरी चित्र निमूटपणे उघडू शकतं, त्यामुळे जतन करायच्या फाइलींची पडताळणी वेगळी करा. मी स्वतःपुरतं फक्त जेपेग आणि पीएनजी चालू ठेवलंय, बाकी फॉरमॅट मॅक्रोने बंद. एका बाजूची कमाल मर्यादा मुळात १ कोटी ६७ लाख पिक्सेल आहे, ती १२ हजारांवर आणली. उलगडण्याआधी नुसती रुंदी-उंची सांगणारं फंक्शन आहे, तेही वापरा.

पायथॉनवाल्यांनी यातलं काहीही मनावर घेऊ नये. पिलो ही लायब्ररी आहे, त्यात एक्झिफप्रमाणे फिरवून देणारं फंक्शनही आहे, सुखाने राहा.

वह्यांचं काम याच जोडीवर पूर्ण होईल. पण आता त्याच वाचनालयातून भिंतीवरचा एक मोठा नकाशा स्कॅन होऊन आलाय, ए-शून्य आकार, ६०० डीपीआय. १९८६६ बाय २८०८७ पिक्सेल, तीन चॅनलांचे १६७ कोटी बाइट. चौथा चॅनल मागितला तर २२३ कोटी, म्हणजे ३२ बिटी इंटच्या २१४ कोटींच्या पलीकडे, आणि ही लायब्ररी तिथे सरळ ‘फार मोठं’ म्हणून हात वर करते. ओळीओळीने वाचायची सोय तिच्यात नाही, सगळं चित्र एकदम मेमरीत. तशीही फाइल टिफ आहे, त्यामुळे सध्या लिबटिफचं डॉक्युमेंटेशन उघडून बसलोय.